धूसर फोटोची उलटतपासणी

मंडळी, खिशात मावणाऱ्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याबद्दल ऐकू येणारी नेहमीची तक्रार म्हणजे "याचा फोकस बिघडलाय." फोटो धूसर आलेला असतो, ते खरंच. पण त्यावरून फोकस बिघडला असं ठरवणं म्हणजे चौकशीआधीच निकाल देणं झालं. फोटो धूसर व्हायला बरीच कारणं असतात आणि त्यातली बहुतेक फोकसची नसतातच. हात हलतो, समोरचा माणूस हलतो, काचेवर बोटाचा ठसा असतो. आणि फोकसचं कारण असलं तरी कॅमेऱ्याने तो चोख लावलेला असतो, फक्त तुम्हाला हवा होता तिथे नाही. आज आपण फोटोलाच प्रश्न विचारायला शिकू. कॅमेऱ्याच्या वाट्याला फोटोनंतर जाऊ.

आधी फोटो बघायचा कुठे, ते ठरवू. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर नाही. तिथे फोटो नेहमीच छान दिसतो. खोक्यावर 'चार लाख साठ हजार डॉट्सची स्क्रीन' असं छापलेलं असतं, पण एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन डॉट लागतात. म्हणजे स्क्रीनवर पिक्सेल साधारण दीड लाख. फोटो असतो सोळा मेगापिक्सेलचा, म्हणजे एक कोटी साठ लाखांचा. शंभरातला एक पिक्सेल बघून तुम्ही "मस्त आलाय" म्हणता आणि घरी कॉम्प्युटरवर उघडल्यावर कपाळाला हात लावता. फोटो काढल्या काढल्या झूमच्या खटक्याने तो मोठा करून बघा, डोळ्यांच्या पापण्या दिसतील इतका.

मोठा केलात की पहिला प्रश्न: या फोटोत कुठेही, काहीही शार्प आहे का? पुस्तकांच्या कपाटापुढे एक बाई उभ्या आहेत असं धरा. त्यांचा चेहरा मऊ आलाय, पण मागच्या पुस्तकांच्या कण्यांवरची नावं वाचता येतात. मग कॅमेरा पूर्ण शाबूत आहे. त्याने फोकस लावला, तो पुस्तकांवर. ही चूक सेटिंगची किंवा नेम धरण्याची, यंत्राची नाही.

काहीच शार्प नसेल तर दुसरा प्रश्न: प्रकाशाचा एखादा ठिपका सापडतो का? लांबचा दिवा, चष्म्यावरची चमक, डोळ्याच्या बुबुळातली फ्लॅशची टिकली, काहीही चालेल. तो ठिपका फुगून गोल चकती झाला असेल तर फोकस चुकलाय. त्याची अळी झाली असेल, छोटी वळवळलेली रेघ, आणि फोटोतल्या सगळ्या ठिपक्यांच्या अळ्या साधारण एकाच वळणाच्या असतील, तर तुमचा हात हलला. भिंत, टेबल, खुर्ची सगळं रेखीव आणि फक्त धावणारं मूल फरफटलेलं असेल, तर मूल हललं. आणि ठिपक्याभोवती दुधाळ वलय पसरलं असेल, सगळ्या फोटोवर पातळ पडदा ओढल्यासारखं वाटत असेल, तर लेन्सची काच पुसा. या एका ठिपक्याइतकं खरं सांगणारा साक्षीदार मला तरी दुसरा माहीत नाही.

आता कॅमेरा फोकस लावतो कसा ते बघू, कारण पुढचे सगळे उपाय त्यातूनच निघतात. आपोआप फोकस करणारा, मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला कॅमेरा १९७७ साली कोनिकाने आणला, सी३५ एएफ. त्यात अंतर मोजायला वेगळी खिडकी होती. आपल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यात सहसा असं वेगळं काही नसतं. तो सेन्सरवर, म्हणजे फिल्मच्या जागी बसवलेल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, पडलेलं चित्रच बघतो. लेन्स जरा पुढे सरकवतो, चित्रातला काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढला का ते तपासतो, आणखी सरकवतो. फरक वाढत वाढत जातो, मग कमी व्हायला लागतो. तेव्हा त्याला कळतं, आपण पुढे निघून आलो, आणि तो मागे येतो. जुन्या रेडिओची सुई स्टेशन ओलांडून पुढे जायची आणि मग आपण ती हलकेच मागे आणायचो, अगदी तसं. म्हणून तो 'घुर्र-घुर्र' करत पुढे-मागे होतो. त्या आवाजात बिघाड काही नाही, तो शोध चाललेला असतो. २०१० साली फुजीफिल्मच्या एफ३००ईएक्सआरमध्ये सेन्सरवरच फेज डिटेक्शनचे पिक्सेल आले आणि छोट्या कॅमेऱ्यालाही लेन्स कुठल्या दिशेला, किती सरकवायची हे थेट कळायला लागलं. पण तुमच्या हातातला साधा कॅमेरा बहुधा पुढे-मागे करणाऱ्यांपैकीच असेल.

फरकावर चालणाऱ्या या यंत्राला फरकच दिला नाही तर ते करणार काय? कोरी भिंत, धुकं, ढगाळ आकाश, एकरंगी शर्ट, इथे तो हात टेकणारच. मग त्याच अंतरावरची एखादी कडा शोधायची: भिंतीऐवजी खिडकीची चौकट, शर्टाऐवजी कॉलर. शिवाय काही कॅमेऱ्यांना उभ्या रेघा पटकन सापडतात आणि आडव्या दिसतच नाहीत. समोर नुसत्या आडव्या पट्ट्या असतील आणि कॅमेरा घुटमळत असेल तर तो उभा धरा, फोकस लावून घ्या, बटण तसंच धरून पुन्हा आडवा करा. गज, जाळी, खिडकीची काच मध्ये आली की तो जवळच्या जाळीवर अडकतो. त्यावर उत्तम उपाय म्हणजे लेन्स जाळीच्या भोकाला नेऊन भिडवणं.

बटण तसंच धरून म्हणालो, ते जरा नीट सांगतो, कारण अर्ध्या तक्रारी इथे मिटतात. शटरचं बटण दोन टप्प्यांचं असतं. अर्ध्यावर बोट थांबवलं की कॅमेरा फोकस आणि उजेड ठरवून ते धरून ठेवतो. पूर्ण दाबलं की फोटो निघतो. एका दमात खाडकन दाबलं तर कॅमेऱ्याला शोधायला वेळच मिळत नाही, आणि काही कॅमेरे फोकस लागला नाही तरी फोटो काढून मोकळे होतात. अर्ध्यावर थांबा. चौकट हिरवी झाली, 'पीप' वाजलं, की मग पुढे. चौकट पिवळी किंवा लाल झाली, लुकलुकत राहिली तर बोट उचला, नेम जरा बदला, पुन्हा अर्धं दाबा.

पण हिरव्या चौकटीवरही आंधळा विश्वास नको. त्या चौकटीत मला कुठली तरी कडा सापडली, एवढंच ती सांगते. ती कडा तुमच्या मैत्रिणीच्या डोळ्याची की मागच्या झाडाच्या फांदीची, हे तिला कळत नाही. कारखान्यातून येताना कॅमेरा बहुधा 'फोकस कुठे लावायचा ते मी ठरवतो' या सेटिंगवर असतो. तो नऊ चौकटींतून आपल्या मर्जीने निवडतो, आणि बऱ्याचदा सगळ्यात जवळची किंवा ठळक वस्तू उचलतो. चेहरे ओळखणारं सेटिंग माणसांसाठी छान, पण भिंतीवरच्या पोस्टरमधला चेहराही त्याला तितकाच प्रिय. माझं मत विचाराल तर मेन्यूत जाऊन फोकसची जागा 'मध्य' करून टाका. मग नियम सोपा होतो: ज्यावर फोकस हवा ते मधोमध आणा, अर्धं दाबा, बटण न सोडता कॅमेरा वळवून फ्रेम जमवा, पूर्ण दाबा. मध्ये पुढे-मागे मात्र सरकू नका, अंतर बदललं की सगळं मुसळ केरात.

टायमरचा घोळही याच जातीचा. कॅमेरा टेबलावर ठेवला, बटण दाबलं, पळत जाऊन सगळ्यांच्या मध्ये उभे राहिलात. बऱ्याच कॅमेऱ्यांत फोकस बटण दाबतानाच लागतो. तेव्हा मधली जागा रिकामी होती, तो मागच्या भिंतीवर लागला, आणि आता दोष कॅमेऱ्याला! बटण दाबताना त्या जागी कुणाला तरी उभं करा.

आता अंतर. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा सेन्सर, ज्याला १/२.३ इंच म्हणतात, प्रत्यक्षात सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. करंगळीच्या नखाहूनही लहान. त्यामुळे झूम पूर्ण मागे असताना लेन्सची खरी फोकल लांबी, म्हणजे ती दृश्य किती जवळ ओढते ते सांगणारा आकडा, जेमतेम साडेचार मिलिमीटर भरते. अशा लेन्सने एफ/३ला (हे लेन्समधल्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) दीड मीटरवर फोकस लावला तर साधारण पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं शार्प येतं. म्हणजे अशा फोटोत फोकस चुकवायचा म्हटलं तरी कठीण. तो सगळाच्या सगळा धूसर असेल तर हाताकडे आणि काचेकडे आधी बघा.

झूम पुढे नेलात की गणित पालटतं. फोकल लांबी पंचवीस मिलिमीटर झाली, छिद्र एफ/६ झालं, आणि तुम्ही तेच दीड मीटरवर उभे आहात. आता शार्प पट्टा जेमतेम वीस-बावीस सेंटिमीटरचा. एक चेहरा मावेल, त्याच्या मागे उभा असलेला दुसरा नाही. दोन रांगांचा ग्रुप फोटो झूम करून काढू नका, पावलं टाकत जवळ जा.

जवळ जाण्यालाही मर्यादा असते. लेन्सला एक किमान अंतर असतं, त्याच्या आत ती फोकस करूच शकत नाही. झूम मागे असताना फुलाचं चिन्ह, म्हणजे मॅक्रो, लावलं तर काही कॅमेरे पाच सेंटिमीटरपर्यंत जातात. तोच कॅमेरा झूम पुढे नेल्यावर अर्धा मीटर, एक मीटर मागतो. फूल मोठं दिसावं म्हणून आपण झूमही करतो आणि जवळही जातो, आणि कॅमेरा नुसता घुरघुरत बसतो. मॅक्रोसाठी झूम पूर्ण मागे न्या आणि अंग पुढे न्या. काम झालं की ते फुलाचं चिन्ह काढायला विसरू नका. उलट बाजूला डोंगराचं चिन्ह चुकून लागलं असेल तर दूरचं सगळं शार्प आणि जवळचे चेहरे धूसर, अशी मालिका सुरू होते. 'कालपर्यंत चांगला होता, आज अचानक बिघडला' असं कुणी म्हणालं की मी आधी ही दोन चिन्हं बघतो.

कमी उजेडात फोकस आणि हात दोघंही दगा देतात. कॅमेऱ्याच्या पुढे एक छोटा दिवा असतो, बहुधा नारिंगी, फोकससाठी उजेड टाकणारा. तो मेन्यूत बंद केलेला नाही ना, आणि त्यावर तुमचं बोट नाही ना, बघा. तो पोचतो दोन-चार मीटर, त्याच्या पलीकडे उपयोग नाही. हाताबद्दल जुना ठोकताळा असा की झूम १४० मिलिमीटरइतका असेल, म्हणजे जुन्या फिल्मच्या हिशेबाने (वरचे खरे पंचवीस मिलिमीटर त्या हिशेबात साधारण एवढेच होतात), तर शटर १/१४० सेकंदाहून जास्त वेळ उघडं राहायला नको. फोटोच्या माहितीत शटरचा आकडा नोंदलेला असतो, तो वाचा. १/१५ दिसला तर फोकसला बोल लावू नका. स्टॅबिलायझर, म्हणजे कॅमेऱ्यातली थरथर कमी करणारी सोय, तुमचा हात सावरतो, नाचणारं मूल थांबवत नाही.

आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, खूप वाढला की कॅमेरा दाणे पुसतो आणि दाण्यांबरोबर केसही पुसतो. फोटो जलरंगात काढल्यासारखा दिसतो, लोक त्यालाही 'आऊट' म्हणतात. आणखी एक, 'एफ/८ला ठेवा, सगळं शार्प येईल' हा सल्ला फिल्मच्या जमान्यातला. इतक्या चिमुकल्या सेन्सरवर एफ/८च्या छिद्रातून येताना प्रकाशच पसरतो आणि सगळा फोटो मऊ पडतो.

एवढं सगळं तपासूनही शंका उरली तर कॅमेऱ्याची परीक्षा घ्या. मेन्यूतून सगळी सेटिंग्ज मूळ पदावर आणा, बॅटरी पूर्ण चार्ज करा. भिंतीवर छापील कागद सपाट चिकटवा, फ्रेमचे चारही कोपरे भरतील इतका. भरपूर उजेड, कॅमेरा टेबलावर, भिंतीला समोरासमोर, दोन सेकंदांचा टायमर. झूम मागे, मधे आणि पुढे असताना फोटो काढा. डावी बाजू अस्पष्ट आली असं समजू. आता कॅमेरा टेबलावरच उलटा, वरची बाजू खाली करून ठेवा, तोच फोटो काढा आणि भिंतीवरच्या मजकुरावरून ताडून बघा. मजकुराचा पहिल्या वेळचाच भाग अस्पष्ट असेल तर कॅमेरा भिंतीला तिरका होता, पुन्हा नीट मांडा. अस्पष्टपणा मजकुराच्या दुसऱ्या टोकाला गेला असेल तर दोष कॅमेऱ्याबरोबर फिरला, म्हणजे लेन्समधली एखादी काच कलली आहे. कॅमेरा पडला असेल तर हे होऊ शकतं. कुठल्याही सेटिंगने ते सुधारणार नाही.

दुरुस्तीला नेताना हे दोन्ही फोटो मूळ फाइलसकट बरोबर न्या. 'फोकस लागत नाही' एवढंच सांगितलंत तर दुकानातली माणसंही सेटिंगपासूनच सुरुवात करणार. आणि लेन्सची नळी बाहेर येताना करकर वाजत असेल, अर्ध्यावर अडकत असेल, तर आत वाळूचा कण असण्याची शक्यता मोठी. नळी हाताने ओढू नका, दाबू नका, पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघू नका. आतले दाते प्लास्टिकचे असतात.