पाखऱ्याची भाकरी आणि आईची पळी

नमस्कार श्रोतेहो. आज कुत्र्याच्या कातडीविषयी अन् केसांविषयी बोलायचंय. खरं तर त्याच्या ताटाविषयी.

औसा तालुक्यात आमचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर-गोठा आहे. तिथं कारवानी जातीचा शिकारी कुत्रा आहे, पाखऱ्या. नाव बैलाचं. वडिलांनी शेवटची जोडी विकली त्या वर्षी हे पिल्लू आलं, अन् नाव रिकामंच होतं. हल्ली प्रत्येक गल्लीत 'टायगर' झालेत. एकाला हाक मारा, चार येतात. असो.

तर एका उन्हाळ्यात पाखऱ्याचे केस झडायला लागले. कोपरं उघडी पडली. पाठीवर हात फिरवला की बोटांना कोंडा लागायचा. शेजारच्या आखाड्यावरचे काका म्हणाले, "ट्रॅक्टरचं जळकं ऑइल चोपड." मी डबा घेऊन निघालोसुद्धा. आई आडवी आली. "काय करलालास रं? मशीन हाय का ते?" श्रोतेहो, जळकं ऑइल लावू नका. पुन्हा सांगतो, लावू नका. कुत्रं अंग चाटतं, अन् ते सगळं पोटात जातं.

डॉक्टरांनी कातडी खरवडून काचपट्टीवर पाहिली. खरजेचे किडे नव्हते, अंगावर गोचीडही नव्हता. मग विचारलं, "खायला काय घालता?" मी ऐटीत सांगितलं, सकाळी भाकरी-ताक, रात्री भाकरी-वरण. ते म्हणाले, "अहो, कुत्रा आहे हा, माळकरी नाही."

पंचाईत अशी, की आमची आई माळकरीच. डॉक्टरांनी सांगितलं रोज एक उकडलेलं अंडं, अधूनमधून कोंबडीचं मांस, जेवणात चमचाभर करडईचं तेल. आई म्हणाली, अंडं उंबऱ्याच्या आत येणार नाही. मग गोठ्यामागं तीन दगडांची चूल मांडली, वर पत्र्याचा डबा. तेलाला मात्र आईची ना नव्हती. उलट हात इतका सैल, की चमच्याऐवजी पळीच ओतली. पाखऱ्याला दोन दिवस जुलाब! तेव्हा तेल मोजून, अन् हळूहळू वाढवत. मोजून, बरं का.

आता कारण. केस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीन. कुत्रा जेवढं प्रोटीन खातो त्यातलं 25 ते 30 टक्के कातडी अन् केसांनाच लागतं. ताटात कमी पडलं की पहिली ओढ केसांना बसते. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर. ते कुत्र्याच्या शरीरात तयार होत नाही, बाहेरूनच द्यावं लागतं. ते नसलं की कातडी कोरडी पडते. ज्वारी-बाजरीत जस्त असतं, पण धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य ते अडवून धरतं, म्हणून नुसत्या भाकरीवर ठेवू नका. अंडं उकडूनच द्या. कच्चा पांढरा बलक बायोटिन हे जीवनसत्त्व अंगी लागू देत नाही. जवसापेक्षा माशाचं तेल जास्त उपयोगी, पण किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. आणि लसूण-कांद्याच्या फोडणीचं वरण अजिबात नको, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. फोडणीआधीच त्याचं वेगळं काढा. फोडणीआधी.

करडईवरून आठवलं. आपल्याकडं ज्वारीच्या कडेनं करडईच्या काटेरी ओळी असायच्या, जनावर आत शिरत नसे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम' वाण दिला. मग सोयाबीन आलं अन् करडई मागं पडली. आता घाण्याच्या तेलासाठी तालुक्याला जावं लागतं, आणि कुत्र्यासाठी हवंय म्हटलं की घाणेवाला वर बघतो. मला विचाराल तर ज्वारीच्या कडेला चार ओळी अजूनही पेराव्यात.

तर, आठ दिवसांत चकाकी शोधू नका. सहा ते आठ आठवडे धरा. पाखऱ्याच्या कोपरांवर लव दिसली ती सातव्या आठवड्यात. आई अजून त्या पत्र्याच्या डब्याला शिवत नाही, पण अंडी संपत आली की फोन तिचाच येतो.