आधी पाण्याचा हिशेब

[दृश्य: लातूर रेल्वे स्थानक]

12 एप्रिल 2016. मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी लातुरात पोचली. 10 वाघिणी, 5 लाख लिटर पाणी.

मराठवाड्यात डेटा सेंटरची गोष्ट काढायची, तर मोजमाप या गाडीनेच करायला हवं.

बँकेचा व्यवहार, ऑनलाइन सातबारा, फोनवरचा व्हिडिओ, सगळं कुठल्या तरी इमारतीतल्या सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू असलेल्या संगणकांवर चालतं. ती इमारत म्हणजे डेटा सेंटर. सर्व्हरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. ती घालवायचा सोपा मार्ग म्हणजे पाण्याची वाफ करणं. 1 मेगावॉटची उष्णता नुसत्या बाष्पीभवनाने काढली, तर दिवसाला सुमारे 35 हजार लिटर पाणी हवेत जातं. म्हणजे लातूरची ती अख्खी गाडी 14 मेगावॉटचं केंद्र एका दिवसात संपवेल. आणि आजच्या मानाने 14 मेगावॉट फार मोठं नाही.

म्हणून डेटा सेंटर नकोच, असं आम्ही म्हणत नाही. ते कसं बांधायचं, हे आधी ठरलं पाहिजे.

[दृश्य: पाणचक्की, छत्रपती संभाजीनगर]

नहरीचं पाणी उंचावरून पडतं, चक्की फिरवतं, हौदात जातं. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत, म्हणून उन्हाळ्यातही तिथे गारवा. एका पाण्याने दोन कामं केली आणि तरी ते उरलं!

डेटा सेंटरमध्येही तेच ते पाणी बंद नळ्यांतून थेट चिपपर्यंत फिरवता येतं. या पद्धतीत 40 अंशांच्या आसपासचं पाणीसुद्धा चालतं, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हातही वर्षाचा बराच काळ वाफ करावी लागत नाही. ते पाणी हवेने गार करणारे बाहेरचे पंखे जास्त वीज खातील. खाऊ देत, ती सौर प्रकल्पातून आणता येते. एवढं करूनही पाणी लागलंच, तर प्रक्रिया केलेलं सांडपाणी आहे. कोराडीचं वीज केंद्र नागपूरचं असं पाणी वापरतंच. जायकवाडीच्या पिण्याच्या पाण्याला हात लावायचं कारण नाही.

[दृश्य: वसमत, वाळत घातलेली हळद]

स्टॉकहोममध्ये डेटा सेंटरच्या उष्णतेवर घरं उबदार ठेवतात. आपल्याला घरं तापवायची नाहीत, पण हळद शिजवून अंगणात पसरली की नेमका अवकाळी येतो. ही उष्णता वाळवणाच्या शेडला देता येईल. मात्र ती लांब नेणं परवडत नाही. शेड भिंतीलगत हवी, आणि पहिल्या नकाशातच हवी.

नोकऱ्यांबद्दल खरं बोललेलं बरं. बांधकाम संपलं की अशा केंद्राला माणसं थोडीच लागतात. मग गावाला काय मिळणार, हे करारात लिहून घ्यावं लागेल.

अमेरिकेतल्या द डॅलेस गावाला गुगलच्या डेटा सेंटरांचा पाणीवापर कळायला कोर्टकज्जा झाला. 2021 मध्ये शहराच्या चौथाईहून जास्त पाणी त्या केंद्रांना गेलं होतं.

शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यात असो वा तालुक्याच्या गावी, जागा देण्याआधीच अट घाला: किती पाणी घेतलं, कुठून घेतलं, हा आकडा दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे.