हंगाम संपल्यावरची प्रेमकथा

मंडळी, नमस्कार. वणवा विझवणाऱ्या माणसांच्या प्रेमकथा हा अमेरिकी कादंबरीतला एक वेगळा कप्पाच आहे, असं सांगितलं की आपल्याकडे लोक आधी हसतात. हसू द्या. डॉक्टर-नर्सच्या आणि सरदार-उमरावांच्या प्रेमकथा वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचलेले इथे किती जण बसलेत, ते मी विचारत नाही. पण या कप्प्यात एक गोष्ट वारंवार येते आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नायक किंवा नायिका पहिल्या पानावर येते तीच कुणाचा तरी मृत्यू बरोबर घेऊन. गेल्या हंगामातल्या आगीत जोडीदार गेलेला असतो. आग विझलेली असते, ही व्यक्ती अजून विझलेली नसते.

या कथांची भूमी आधी सांगतो. मोंटाना, आयडाहो, ओरेगन, कॅलिफोर्निया: पाइनची जंगलं, कोरडा उन्हाळा, वीज पडून लागणारे वणवे. ते विझवायला शहरातले बंब उपयोगाचे नसतात. साधारण वीस जणांची एक तुकडी, तिला हॉटशॉट म्हणतात, चालत आगीपर्यंत जाते आणि तिच्या वाटेतलं गवत-झुडूप खरवडून नुसत्या मातीचा पट्टा उघडा करते. आपला वनविभाग जाळरेषा काढतो, त्यामागचा हेतूही तोच: आगीला खायला काही ठेवायचं नाही. फक्त आपल्याकडे बराचसा पट्टा आग लागायच्या आधी तयार करतात, आणि इथे ती समोर येत असताना. हातात पुलास्की नावाचं हत्यार, एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळ. सोळा-सोळा तासांची पाळी, सलग चौदा दिवस. जिथे रस्ताच नाही तिथे स्मोकजंपर विमानातून पॅराशूटने उतरतात. पहिली अशी उडी १२ जुलै १९४० रोजी आयडाहोत मारली गेली. बाईला तिथे पोहोचायला १९८१ साल उजाडावं लागलं. डीअॅन शुलमन तिचं नाव. आधी तिला वजन पाच पौंड कमी भरलं म्हणून परत पाठवलं होतं.

मला स्वतःला आवडणारी गोष्ट अशी की हे स्मोकजंपर आपले उडी मारायचे कपडे आणि पिशव्या स्वतः शिवतात. तळावर शिवणयंत्रांची रांगच असते. रुंद खांद्यांचा नायक मान खाली घालून टीप मारतोय, हे दृश्य मुखपृष्ठावर कधीच नसतं. तिथे उघडी छाती आणि मागे ज्वाळा. प्रकाशकांना कळत नाही, दुसरं काय!

प्रेमकथेला हे जग सोयीचं का, ते उघड आहे. तळ दूर, माणसं थोडी, उन्हाळा मर्यादित आणि मरण जवळ. अमेरिकी लेखिका नोरा रॉबर्ट्सने २०११च्या ‘चेसिंग फायर’ या कादंबरीत मोंटानातला मिझुला इथला स्मोकजंपरांचा तळच घेतला. तिची नायिका रोवन ही स्वतः उड्या मारणारी, आणि आदल्या हंगामात तिचा उडीचा जोडीदार गेलेला. म्हणजे वाचवणारा पुरुष आणि वाचवली जाणारी बाई ही जुनी मांडणी इथे चालतच नाही. ती नायकापेक्षा अनुभवी आहे.

आता ही दुःखं लेखिकांनी हवेतून आणलेली नाहीत. ५ ऑगस्ट १९४९. मिझुलाहून उडालेले पंधरा स्मोकजंपर मोंटानातल्या मॅन गल्च नावाच्या घळीत उतरले, तिथे एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. आग दरीतून गवत पेटवत वर आली आणि माणसं चढावर पळू लागली. वॅग डॉज हा त्यांचा प्रमुख. तो थांबला, त्याने काडी ओढून आपल्याच पुढचं गवत पेटवलं, ते जळून गेल्यावर तो त्या राखेत पालथा पडला आणि इतरांना हाका मारू लागला, इकडे या. कुणी आलं नाही. मागून आग, पुढे प्रमुखाने लावलेली आग, कोण जाईल? डॉज वाचला. दोन तरुण कड्यातल्या फटीतून पलीकडे निसटले. तेरा जण गेले. पुढे, डॉजने लावलेल्या आगीनेच आमची मुलं मेली, असा आरोप एका मृताच्या वडिलांनी केला. डॉज १९५५ साली वारला.

जिवंत राहणं हाच ज्याच्यावरचा आरोप, अशा माणसाची ही गोष्ट. वणव्याच्या प्रेमकथांतला घायाळ नायक त्याच्याच कुळातला. एक योगायोग सांगतो: हार्लेक्विन ही प्रेमकथांची मोठी प्रकाशनसंस्था कॅनडातल्या विनिपेगमध्ये सुरू झाली तीही १९४९ सालीच.

अमेरिकेतल्या प्रेमकथालेखकांच्या संघटनेने या प्रकारासाठी दोनच अटी ठेवल्या: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवं, आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. समीक्षक या दुसऱ्या अटीवर नाक मुरडतात. मला उलट वाटतं. कीर्तनाला बसलेल्याला हरिश्चंद्राचं राज्य परत मिळणार हे पक्कं ठाऊक असतं, तरी स्मशानातल्या प्रसंगाला त्याचे डोळे भरून येतात. किंबहुना ठाऊक असतं म्हणूनच तो तिथे मोकळेपणाने रडू शकतो. जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने १९८४ मध्ये प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांशी बोलून पुस्तक लिहिलं. त्या बायका सांगत होत्या की घरातल्या सगळ्यांची काळजी त्या घेतात आणि वाचायला बसल्या की तेवढा वेळ त्यांचा स्वतःचा असतो. त्यांना हवा असलेला नायक कसा, तर शेवटी मायेने काळजी घेणारा. जखमी अग्निशामक आणि त्याच्याशेजारी शांत बसणारं माणूस, हे चित्र कुणाच्या मनातलं आहे ते इथे कळतं.

यातल्या सुमार कादंबऱ्या कुठे घसरतात? एका रात्रीनंतर नायकाची भयस्वप्नं थांबतात तिथे. प्रेम म्हणजे काय पॅरासिटामॉल आहे? अग्निशामकांत एक सल्ला आहे, एक पाय काळ्यात ठेवा. काळं म्हणजे आधीच जळून गेलेली जमीन, तिथे आग पुन्हा येत नाही. हे रूपक लेखिकांच्या हाती लागलं आणि त्यांनी ते इतकं वापरलंय की आता ते दिसलं की मी पान उलटतो.

चांगल्या कादंबऱ्यांत दुःख हलकं होतं ते कामातून आणि तुकडीतून. प्रत्यक्षातही हे लोक तेच करतात. ६ जुलै १९९४ला कोलोरॅडोत स्टॉर्म किंग डोंगरावर वारा अचानक वाढला, ओकच्या झुडपांतून आग चढावर धावली आणि चौदा जण गेले. त्यातले नऊ ओरेगनमधल्या प्राइनविल या एकाच तुकडीचे, चौदांत चार स्त्रिया. आज त्या डोंगरावर स्मृतिवाट आहे, प्रत्येक जण जिथे पडला तिथे खूण आहे. नव्या-जुन्या तुकड्या तिथे चढून जातात, एकेका जागी थांबतात आणि बोलतात: इथून काय दिसत होतं, वारा कुठून होता, तू असतास तर काय केलं असतंस? दोष कुणाचा हे तिथे ठरवायचं नसतं. डॉजला अशी सोय मिळाली असती तर, असा विचार माझ्या मनात येतो. असं प्रकरण कादंबरीत आलं की मी मान डोलावतो. दोघं त्या चढावर उभी आहेत, चुंबन वगैरे काही नाही, आणि ती पहिल्यांदा मेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घेते.

माझी खरी तक्रार मात्र कॅलेंडरची आहे. बहुतेक कथा सप्टेंबरच्या आसपास संपतात. पहिला पाऊस, पहिला बर्फ, आणि दोघं मिठीत. हंगामी अग्निशामकाचं अवघड पर्व तिथून सुरू होतं. तात्पुरत्या नेमणुकीला वर्षाला १,०३९ तासांची मर्यादा, ते भरले की नोकरी संपली. तुकडी पांगते, ज्याच्याशी बोलावं तो हजार मैलांवर. दिवसभर थकवणारं काम नाही, म्हणून झोपही नाही. या हंगामी लोकांना सरकारी आरोग्यविम्यात शिरकाव मिळाला २०१२ साली. कागदावर तर त्यांचा हुद्दा बरीच वर्षं फॉरेस्ट्री टेक्निशियन, म्हणजे वनखात्यातला तंत्रसहायक, असाच होता. कादंबरीतल्या त्या धगधगत्या नायकाची पगारपट्टी कुणी पाहिली असती, तर त्याला कारकून समजला असता! नोव्हेंबर २०२१च्या पायाभूत सुविधांच्या कायद्याने वाइल्डलँड फायरफायटर हा स्वतंत्र हुद्दा करायला सांगितलं आणि त्यांच्या मानसिक आरोग्यासाठी, आघातानंतरच्या विकारासाठी उपचारांची व्यवस्था करायलाही. म्हणजे सरकारला नोव्हेंबर दिसायला लागला, पण कादंबरीकारांना अजून फारसा दिसत नाही.

आपल्याकडेही १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, आणि त्यापुरतेच ठेवलेले हंगामी मजूर. त्यांच्यावरची प्रेमकथा मराठीत माझ्या तरी वाचनात नाही. कुणाला ठाऊक असेल तर नंतर जरूर सांगा.

मला हवी असलेली कादंबरी नोव्हेंबरात सुरू होते. मिझुलात बर्फ पडतोय, दोघांनी भाडं वाटून घेतलंय. बेकारभत्त्याचा अर्ज टेबलावर पडलाय. तो चुलीतली लाकडं पेटवायला जातो आणि काडी हातातच धरून उभा राहतो. तिला कळतं, ती काही बोलत नाही, काडी त्याच्या हातून घेते. मग पुढचे पाच महिने हंगाम नसताना ही दोघं एकमेकांना कशी झेपतात, समुपदेशकाकडे जायचं कोण आधी कबूल करतं, पुन्हा नाव नोंदवायचं की नाही यावर भांडण कसं होतं, हे सगळं तीनशे पानं. आणि शेवट गोडच हवा बरं का, त्यात मी कुणाला सवलत देणार नाही.