उंदराचे आतडे कृमी कसे हाकलते

पडद्यावर वेटोळे घालून पडलेला हा लालसर धागा जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा आहे. निप्पोस्ट्रॉन्गायलस ब्राझीलिएन्सिस नावाचा हा सूत्रकृमी उंदरांच्या लहान आतड्यातील बोटांसारख्या उंचवट्यांना विळखा घालून राहतो. त्याची अळी त्वचेतून शिरते, रक्तावाटे फुप्फुसात पोहोचते, तेथून घशाशी येते आणि गिळली जाऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतड्यात उतरते. जिवाणू गिळणारी पांढरी पेशी येथे उपयोगाची नाही, कारण हा कृमी तिच्या शेकडो पट लांब असतो. त्याला गिळता येत नसल्याने बाहेर लोटावे लागते.

अस्तराच्या या रांगेत, माथ्यावर ताठ झुपका असलेली जी एकच पेशी हिरवी चमकते आहे, ती टफ्ट पेशी होय. निरोगी उंदराच्या लहान आतड्यात शंभर अस्तरपेशींमागे अशी एखादीच आढळते. तिचे वर्णन १९५६ मध्येच झाले होते. परंतु कृमी आल्याचा निरोप हीच पेशी देते, हे तीन संशोधनगटांनी स्वतंत्रपणे दाखवून द्यायला २०१६ उजाडावे लागले. प्रतिकारशक्तीचा विषय निघाला की रक्तातील पेशींचीच नावे घेतली जातात आणि अन्न शोषणारे अस्तर ही निव्वळ भिंत मानली जाते. ही समजूत या पेशीने खोटी ठरवली, म्हणून तिच्यावर आम्ही कॅमेरा अधिक वेळ स्थिर ठेवला आहे.

टफ्ट पेशीतून इंटरल्यूकिन-२५ हे प्रथिन पाझरते. अस्तराखालच्या आयएलसी-२ नावाच्या प्रतिकारक पेशी ते ओळखून इंटरल्यूकिन-१३ सोडतात. त्याच्या प्रभावाने अस्तराच्या खोबणींतील मूलपेशींपासून टफ्ट पेशी आणि श्लेष्मा स्रवणाऱ्या चषकपेशी अधिक प्रमाणात तयार होऊ लागतात. वाढलेल्या टफ्ट पेशी आणखी इंटरल्यूकिन-२५ सोडतात आणि चक्र वेग घेते. अस्तर मुळातच तीन ते पाच दिवसांत नवे होत असल्यामुळे आठवडाभरात त्याची ठेवणच पालटते. डावीकडचे चित्र संसर्गापूर्वीचे आहे, उजवीकडचे सातव्या दिवसाचे.

आता दाट श्लेष्मा, त्यातील कृमीच्या पोषणात अडथळा आणणारे रेल्म-बीटा हे प्रथिन, आतड्यात उतरणारे पाणी आणि स्नायूंचे जोरकस आकुंचन या साऱ्यांपुढे कृमीची पकड सुटते, आणि दहाव्या दिवसाच्या सुमारास बहुतेक कृमी विष्ठेवाटे बाहेर पडलेले असतात. ज्या उंदरांत टफ्ट पेशीच नसतात, त्यांच्यात ते कितीतरी अधिक दिवस तळ ठोकून राहतात. अशा उंदरांना इंटरल्यूकिन-२५ बाहेरून दिले, तर मात्र त्यांचेही आतडे कृमी बाहेर टाकते.

हेलिग्मोसोमॉइडीस पॉलिगायरस हा दुसरा सूत्रकृमी याच यंत्रणेला दडपणारी प्रथिने सोडून उंदरात दीर्घकाळ टिकतो. मातीतून पसरणाऱ्या आतड्यातील कृमींची बाधा जगात सुमारे १५० कोटी माणसांना आहे आणि त्यांच्यासाठी लस अद्याप नाही.

हा शेवटचा तुकडा कृमी निघून गेल्यानंतरचा आहे. उंचवटे मोकळे झाले आहेत, हिरव्या पेशी मात्र अजून दाटीने उभ्या आहेत.