मधुमेहाचा रोजचा खर्च कोण उचलतो?

मित्रहो, मधुमेह हा खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा आजार आहे, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की आरोग्याच्या नियोजनातही ती नकळत डोकावते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. शहरी भागात हे प्रमाण 16.4 टक्के आणि ग्रामीण भागात 8.9 टक्के आहे. एवढेच आकडे पाहिले तर जुनी समजूत खरी वाटेल. परंतु याच पाहणीचा 15 राज्यांवरील अहवाल 2017 मध्ये आला होता, आणि त्यात तुलनेने संपन्न भागांतील शहरांमध्ये चित्र उलटलेले दिसले. चंडीगड शहरात निम्न आर्थिक स्तरात मधुमेहाचे प्रमाण 26.9 टक्के होते, तर वरच्या स्तरात 12.9 टक्के. पैसा जिथे आधी पोहोचला तिथे हा आजार आता कष्टकऱ्यांच्या वस्तीत वाढतो आहे, आणि महाराष्ट्रातील शहरांनी हा इशारा स्वतःसाठीच आहे असे समजावे.

गरिबीचा आणि मधुमेहाचा संबंध जन्माच्याही आधी सुरू होतो, हे पुण्याजवळच्या सहा गावांतील अभ्यासाने दाखवून दिले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये तेथील गर्भवतींची पाहणी सुरू केली आणि पुढे त्यांच्या मुलांचाही अनेक वर्षे पाठपुरावा केला. ही बाळे सरासरी 2.7 किलो वजनाची होती, इंग्लंडमधील बाळे 3.5 किलोची, मात्र आपल्या बाळांत उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची, चरबी फारशी कमी नव्हती. अर्धपोटी आईच्या पोटी जन्मलेले, वरून किडकिडीत दिसणारे मूल पुढे मधुमेहाच्या वाटेवर लवकर येऊ शकते. कुपोषणाशी निगडित मधुमेहाला तर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 2025 मध्ये 'टाइप 5' असे स्वतंत्र स्थान दिले. हे सर्व ठाऊक असूनही दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाला 'तुम्ही खाता जास्त आणि हालचाल करता कमी' असे ऐकवले जाते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. दोष रुग्णाच्या पदरात टाकला की व्यवस्थेची चौकशी आपोआप टळते.

निदानातही समानता नाही. गेल्या तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी ही चाचणी शहरात सर्रास वापरली जाते. परंतु रक्तातील लोह कमी असेल तर तिचे उत्तर प्रत्यक्षापेक्षा जास्त येऊ शकते, आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णात ती भरवशाची राहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. म्हणजे ज्यांच्यापर्यंत चाचणी सर्वांत उशिरा पोहोचते, त्यांच्याच बाबतीत ती फसण्याची शक्यता अधिक. तेथे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची रक्तशर्करा पुन्हा पुन्हा मोजण्याला पर्याय नाही, आणि पुन्हा पुन्हा येण्यासाठी रुग्णाला प्रत्येक वेळी मजुरी सोडावी लागते.

ऊसतोड कामगारांचे उदाहरण मी थोडे विस्ताराने मांडतो. बीड आणि मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांमधून दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे कामाची एक जोडी; मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल; एक दिवस काम चुकले तर खाडा, आणि खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. अशा माणसाला मधुमेह असेल तर त्याचे नाव गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत असते आणि तो स्वतः शंभर-दोनशे किलोमीटर दूर फडात असतो. महिन्याच्या गोळ्या संपल्या की जवळच्या दवाखान्यात जायचे म्हणजे खाडा. पहाटे अंधारात तोडणी सुरू होते, जेवणाची वेळ ठरलेली नसते, आणि साखर उतरवणारी काही औषधे किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी राबले तर साखर एकदम खाली जाऊन हातातील कोयत्यासह माणूस कोसळू शकतो. हे अनुभवातून कळले की तो औषधच बंद करतो. मग त्याच्या कागदावर 'नियमित औषध घेत नाही' असा शेरा पडतो. इन्शुलिनच्या न उघडलेल्या कुप्या 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. पाचटाच्या कोपीत फ्रिज कुठून येणार? ओल्या मातीच्या मडक्यात कुपी ठेवण्याचा उपाय खरोखर उपयोगी आहे, परंतु तो सांगायला कोणी त्या तळावर जावे लागते. पायाची बधिरता आलेला माणूस झिजलेल्या चपलेने उसाच्या खुंटांतून चालतो, जखम होते, कळत नाही, आणि कळते तेव्हा ती हाडापर्यंत गेलेली असते. कुष्ठरुग्णांसाठी वर्षानुवर्षे वापरात असलेली एमसीआर रबराची मऊ चप्पल अशा पायांसाठीही योग्य असते. ती या फडांत पोहोचवणे अवघड नाही.

आता शासकीय योजनांकडे पाहू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारतमधील प्रधानमंत्री जन आरोग्य योजना यांमुळे अनेक कुटुंबे कर्जातून वाचली आहेत, हे मी कृतज्ञतेने सांगतो. परंतु या योजनांचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर डायलिसिस मिळते, मोठी शस्त्रक्रिया मिळते. मूत्रपिंडे वाचवण्यासाठी रोज लागणाऱ्या गोळ्या, साखर मोजण्याच्या पट्ट्या, बाह्यरुग्ण तपासणी यांना त्यांत स्थान नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, तो निर्णय चांगलाच आहे; तरीही एसटीचे भाडे, बुडालेला रोज आणि दवाखान्यात औषध संपले म्हणून बाहेरून आणलेल्या गोळ्या हा खर्च रुग्णाच्याच खिशातून जातो. मधुमेहात हाच खर्च मुख्य असतो, कारण तो आयुष्यभर चालतो.

स्त्रियांच्या वाट्याला याहून निराळा भार येतो. घरातील सर्वांचे ताट वाढून उरलेल्यावर भागवणाऱ्या बाईला पथ्याचा कागद हातात देऊन काही साधत नाही. टाइप 1 मधुमेह, म्हणजे ज्यात रोज इन्शुलिन टोचावेच लागते असा मधुमेह, असलेल्या मुलीचा आजार लग्नापर्यंत लपवला जातो, आणि लग्नानंतर सासरी इन्शुलिन टोचणे लपवण्याची वेळ तिच्यावर येते. त्यात मात्रा चुकतात, कधी जीवही धोक्यात येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2030 पर्यंतचे लक्ष्य ठरवले आहे : मधुमेह असलेल्यांपैकी 80 टक्क्यांचे निदान व्हावे आणि निदान झालेल्यांपैकी 80 टक्क्यांची साखर आटोक्यात असावी. हे लक्ष्य सहज पोहोचता येणाऱ्यांवरच पूर्ण होऊ शकते आणि राहिलेल्यांत ऊसतोड कामगार, आदिवासी, वीटभट्टीवरील मजूर असू शकतात. म्हणून माझा आग्रह असा आहे की प्रत्येक जिल्ह्याने आपले आकडे स्त्री-पुरुष, स्थलांतरित आणि आदिवासी असे वेगवेगळे प्रसिद्ध करावेत. गाव सोडण्यापूर्वी स्थिर रुग्णाला तीन महिन्यांचे औषध आणि राज्यात कोठेही चालणारी नोंद मिळावी. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या तळावर संध्याकाळी, तोडणी संपल्यावर, तपासणी व्हावी, आणि तिचा खर्च कारखाना व शासन यांनी मिळून उचलावा. यातील कोणत्याही कामासाठी नवे रुग्णालय बांधावे लागत नाही. आशाताई, परिचारिका आणि औषधांचा अखंड पुरवठा यांसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद मात्र लागते, आणि ती पुढच्या हंगामापूर्वी व्हायला हवी.