फोन हलवायचा नाही, शेंगदाणा हलवायचा

नमस्कार श्रोतेहो. आज खास शिक्षक मंडळींसाठी बोलतोय, चित्रकलेच्या तासाला मोबाईलवर अ‍ॅनिमेशन कसं करायचं ते. कॉम्प्युटर लॅब वगैरे काही लागत नाही. फोन एका जागी पक्का बसवायचा, समोरची वस्तू जराशी सरकवायची, फोटो काढायचा, परत सरकवायची, परत फोटो. सेकंदाला 12 फोटो धरले तर 10 सेकंदांना 120 फोटो झाले. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये वाटाण्याचं रोप पडद्यावर उगवून दाखवलं ते असंच थांबून थांबून चित्रं घेऊन, फक्त तिथं सरकायचं काम रोप स्वतःच करत होतं. तर लक्षात ठेवा, फोन हलवायचा नाही, वस्तू हलवायची.

आता आमच्या ट्रेनिंगमधली गंमत सांगतो. एका गटानं विषय घेतला गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा. अगरबत्तीच्या सात काड्या शाडूत रोवून सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, केले आणि गर्दी म्हणून भाजलेले शेंगदाणे मांडले. (शेंगदाण्यावरून आठवलं, शेंगाचटणी उखळात कुटलेलीच पाहिजे, मिक्सरमधलीला मी चटणी म्हणतच नाही, असो.) मिरवणूक मस्त निघाली, मग चहाची सुट्टी झाली आणि एका सरांनी बोलता बोलता गर्दीतले तीन जण तोंडात टाकले की ओ! परत आल्यावर बाईंनी फोन बघितला. फोटो जोडून व्हिडिओ करणाऱ्या अ‍ॅपमध्ये मागचा फोटो फिकट दिसतो ना, त्यात तीन शेंगदाणे आहेत आणि टेबलावर जागा मोकळी. सर म्हणतात, "मी कुठं ओ?" आणि मिशीला साल चिकटलेली! सगळे म्हणाले पहिल्यापासून करू, पण बाई लै हुशार, म्हणाल्या, "कशाला ओ, गड्ड्यात माणसं हरवतातच की." मिरवणूक तिथंच थांबवली आणि त्याच सरांच्या आवाजात लाऊडस्पीकरची सूचना रेकॉर्ड केली, "तीन शेंगदाणे, रंग लालसर, कुणाला सापडल्यास स्टेजजवळ आणून सोडावेत!" शेवटी तिघं सापडले बांगड्यांच्या पाळण्यात गोल गोल फिरताना. चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकणारे एक हेडसर होते, ते तीनदा बघून गेले.

वेळ संपत आली, तर पटकन सांगतो. पंखा बंद, खिडकी बंद, ट्यूब चालू. बाहेर ढग आला की उजेड बदलतो आणि व्हिडिओ लुकलुकतो. बऱ्याच फोनमध्ये स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो, तो लॉक करा. आणि परत सांगतो, फोन हलवायचा नाही, वस्तू हलवायची. झालेला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी पार जाते आणि शेंगदाणे कुठले नि चिंचोके कुठले ते कळत नाही. नमस्कार.