पुन्हा एक टेक

(साखर पेठेतला जिना, खोलीचे दार, भिंतींवरच्या चादरी)

सोलापुरातल्या साखर पेठेतल्या या खोलीत चारही भिंतींवर सोलापुरी चादरी दुहेरी करून टांगल्या आहेत, त्या शोभेसाठी नव्हेत. बाहेरच्या मागांची खडखड चादरींनी थांबत नाही, म्हणून ध्वनिमुद्रण रात्री माग बंद झाल्यावरच होते. मात्र खोलीतला आवाज भिंतीवर आपटून माइककडे परत येऊ नये, एवढे काम हे जाड सुती कापड चोख करते. संगणकापुढे बसलेला तरुण रेकॉर्डिस्ट गणेशोत्सवाच्या एका गाण्यासाठी हलगी आणि लेझीम ध्वनिमुद्रित करतो आहे. माइक कधी हलगीपासून वीतभर अंतरावर, तर कधी थेट दारापाशी नेला जातो.

"काका, शेवटची थाप किंचित मागे पडली. अजून एकदा घेऊ या का?"

काका मान हलवतात, हलगी शेकायला घेतात आणि पुन्हा बसतात.

(फळीवरची रेकॉर्ड, फिरणारी तबकडी, एकच स्पीकर)

या खोलीत ज्यांचे नाव सारखे निघते, ते अमेरिकन संगीतकार ब्रायन विल्सन १९४२ साली कॅलिफोर्नियात जन्मले आणि जून २०२५ मध्ये वारले. भाऊ, चुलतभाऊ आणि एक मित्र यांच्यासह त्यांनी 'द बीच बॉइज' हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा गट उभा केला. डिसेंबर १९६४ मध्ये ह्यूस्टनला जाणाऱ्या विमानात त्यांना भीतीचा तीव्र झटका आला आणि त्यानंतर त्यांनी दौरे सोडून स्टुडिओतच काम करायचे ठरवले. १९६६ च्या जानेवारीत गट जपानच्या दौऱ्यावर असताना ते लॉस एंजेलिसमध्ये 'पेट साउंड्स' या अल्बमचे वाद्यसंगीत बांधत होते.

लहानपणापासून त्यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. त्यामुळे दोन स्पीकरमध्ये विभागलेला आवाज त्यांच्या उपयोगाचा नव्हता, आणि सगळी वाद्ये मोनोमध्येच, म्हणजे एकाच स्पीकरपुरत्या आवाजात, एकमेकांत मिसळून त्यांना हवा तो रंग तयार करावा लागे. म्हणूनच इथेही 'पेट साउंड्स'ची रेकॉर्ड एकाच स्पीकरवर लावली जाते. दोन वाद्यांनी एकच सूर एकाच वेळी वाजवला की ऐकणाऱ्याला तिसरेच एखादे वाद्य असल्याचा भास होतो. ही किमया त्यांनी अमेरिकन संगीत-निर्माते फिल स्पेक्टर यांच्या ध्वनिमुद्रणांतून उचलली आणि कितीतरी नाजूक केली.

हॅल ब्लेन यांचे ड्रम्स, कॅरल के यांचे बास गिटार आणि इतर अनेक वादक एका खोलीत एकत्र वाजवत. ते वादन टेपवरच्या मोजक्या ट्रॅकवर, म्हणजे आवाजाच्या स्वतंत्र पट्ट्यांवर, घेतले जाई, मग सगळे एकत्र करून दुसऱ्या स्टुडिओतल्या आठ ट्रॅकच्या यंत्रावर एकाच ट्रॅकमध्ये उतरवले जाई आणि उरलेल्या ट्रॅकवर गायकांचे आवाज चढत. एकदा एकत्र केलेले वाद्यसंगीत पुन्हा सुटे करता येत नसल्याने प्रत्येक निर्णय आधीच आणि अचूक घ्यावा लागे. सायकलची घंटा, रिकामे डबे, घरच्या कुत्र्यांचे भुंकणे हेसुद्धा त्यांनी तितक्याच गांभीर्याने ध्वनिमुद्रित केले. या सत्रांच्या टेप १९९७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. दोन-चार सुरांतच वादन थांबवून नेमके काय हवे ते सांगणारा त्यांचा आवाज त्यांत ऐकू येतो. रेकॉर्डिस्ट वादकांना सर्वांत आधी याच टेप ऐकवतो, आणि मला त्याचे हे करणे फार योग्य वाटते, कारण वेडाच्या भरात मोठे संगीत होते ही समजूत त्या टेपपुढे टिकत नाही. त्या आवाजात शांतपणा आहे, विलक्षण तयारी आहे आणि दमलेल्या माणसांशी बोलण्याची रीतही आहे.

(संगणकाच्या पडद्यावरचे ध्वनीचे तुकडे)

ब्रायन यांचे 'गुड व्हायब्रेशन्स' हे जेमतेम साडेतीन मिनिटांचे गाणे १९६६ च्या फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत चार स्टुडिओंत घडत होते आणि त्यासाठी नव्वद तासांहून अधिक टेप वापरली गेली, असे सांगितले जाते. गाणे सलग न घेता त्याचे तुकडे वेगवेगळे ध्वनिमुद्रित करायचे, मग टेप कापून जोडायची, हा त्यांचा मार्ग होता. प्रत्येक खोलीचा घुमारा निराळा, म्हणून तुकडा कुठे घ्यायचा हाही रचनेचाच भाग होता. ऑक्टोबरमध्ये गाणे प्रसिद्ध झाले आणि अमेरिका व ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले.

याच पद्धतीने बांधायला घेतलेला 'स्माइल' हा अल्बम १९६७ मध्ये अर्ध्यावर सोडला गेला. पुढे मनोविकार, अमली पदार्थ आणि त्यांच्या सबंध आयुष्याचा ताबा घेणारे मानसोपचारतज्ज्ञ यूजीन लँडी यांचा सहवास, जो १९९२ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने संपला, यांत कितीतरी वर्षे गेली.

'स्माइल' पूर्ण झाले ते त्यांच्या सोबतच्या वादकांनी हात दिल्यावर. त्यांपैकी डॅरियन सहानाजा यांनी जुने तुकडे संगणकावर घेतले, या पडद्यावर दिसतात तसेच ओळीने मांडले आणि ब्रायन यांना एकेक ऐकवले. मूळ गीतकार व्हॅन डाइक पार्क्स यांना पुन्हा बोलावण्यात आले, राहिलेले शब्द लिहिले गेले, तुकड्यांचा क्रम ठरला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ब्रायन विल्सन यांनी ही रचना पहिल्यांदा सबंध सादर केली.